तेलाच्या डब्यातून आकाशगंगा: हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेषा गच्चीवरून कशी टिपावी

नारायणगावजवळच्या खोडद परिसरात जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात उभ्या आहेत. त्यांच्या नोंदींतून अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांनी एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा रेडिओ संदेश शोधला आणि २०२३ च्या जानेवारीत ते जाहीर झालं. तो संदेश निघाला तेव्हा विश्वाचं वय सुमारे ४९० कोटी वर्षं होतं. निघताना त्याची वारंवारता १४२०.४ मेगाहर्ट्झ होती. वाटेत विश्व प्रसरण पावत राहिल्यामुळे खोडदला तो सुमारे ६२० मेगाहर्ट्झवर पोचला. मधल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने त्याला भिंगासारखं मोठं केलं म्हणूनच तो हाती लागला.

हाच हायड्रोजन आपल्या आकाशगंगेतही पसरलेला आहे, आणि त्याचा संदेश पकडायला ४५ मीटरची तबकडी लागत नाही. पुठ्ठा, अ‍ॅल्युमिनियम फॉइल, पाच लिटरचा तेलाचा डबा आणि दोन इलेक्ट्रॉनिक वस्तू एवढ्यात काम होतं. अँटेना शनिवार-रविवारात तयार होते. अवघड काम त्यानंतरचं आहे: पडद्यावर जो उंचवटा दिसतो तो आकाशातला आहे की आपल्याच यंत्रातला, हे ठरवणं. म्हणून इथे त्यालाच जास्त जागा दिली आहे.

हायड्रोजन काय पाठवतो

हायड्रोजनच्या अणूतल्या प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉनच्या स्पिन (स्वतःभोवती फिरण्यासारखा त्यांचा एक गुणधर्म) एकाच दिशेला असतील तर ऊर्जा किंचित जास्त, उलट दिशांना असतील तर किंचित कमी. इलेक्ट्रॉनने स्पिन उलटवली की फरकाएवढी ऊर्जा रेडिओ लहर होऊन बाहेर पडते. तिची वारंवारता १४२०.४०६ मेगाहर्ट्झ, तरंगलांबी २१.१ सेंटिमीटर. हीच ती २१ सेंटिमीटरची रेषा. एकट्या अणूच्या बाबतीत असं आपोआप व्हायला सरासरी १.१ कोटी वर्षं लागतात, पण आकाशगंगेत अणू इतके आहेत की संदेश अखंड येत राहतो. डच शास्त्रज्ञ हेंड्रिक व्हान डे हुल्स्ट यांनी हे भाकीत १९४४ मध्ये केलं. २५ मार्च १९५१ रोजी हार्वर्डमध्ये हॅरोल्ड युएन आणि एडवर्ड पर्सेल यांनी प्लायवूडला आतून तांब्याचा पत्रा लावलेला हॉर्न, म्हणजे नरसाळ्याच्या आकाराची अँटेना, खिडकीबाहेर काढून ती रेषा पकडली. आपण बनवणार आहोत तो त्याच जातीचा हॉर्न.

एक सोय आधीच झालेली आहे. १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा जगभर रेडिओ खगोलशास्त्रासाठी राखीव आहे आणि त्यात प्रक्षेपण करायला बंदी आहे. शेजारच्या पट्ट्यांतले मोबाइल टॉवर मात्र त्रास देतात. त्याचा बंदोबस्त पुढे येतो.

डबा

पाच लिटरचा चपटा, आयताकृती पत्र्याचा डबा घ्या. रुंद बाजू १६ ते १७ सेंटिमीटर आणि अरुंद बाजू साधारण १०.५ असेल तर उत्तम. खाद्यतेलाचा डबा बरा. थिनरच्या डब्यात वाफ राहते आणि कापताना ठिणगी पडली तर भडका उडतो. १५ किलोचा चौकोनी डबा या कामाला नको, कारण तो इतका रुंद असतो की त्यात लहरी एकापेक्षा जास्त प्रकारांनी धावतात आणि प्रोबला, म्हणजे डब्यातल्या लहरी पकडणाऱ्या तारेला, सगळी ऊर्जा मिळत नाही.

ज्या टोकाला झाकण आहे ते टोक पत्राकात्रीने पूर्ण कापून काढा. बूड तसंच ठेवा. गरम पाण्याने आणि भांड्याच्या साबणाने डबा आतून धुवा, कापलेल्या कडा कानसने घासा.

आता प्रोबची जागा. ती बुडापासून मोजायची आणि अंतर डब्याच्या रुंदीवर ठरतं. डब्यात शिरल्यावर लहरीची लांबी २१.१ राहत नाही, वाढते, आणि तिचा चौथा भाग बुडापासून सोडायचा असतो. आतली रुंदी १५ सेंटिमीटर असेल तर ७.४ वर भोक पाडा, १६ असेल तर ७.०, १६.५ ला ६.९, १७ ला ६.७, १८ ला ६.५. भोक रुंद बाजूच्या बरोबर मध्यावर हवं. अरुंद बाजूवर पाडलं तर प्रोब आडवा येतो आणि काहीच पकडत नाही. ही चूक फार सोपी आहे आणि नंतर भोक बुजवत बसावं लागतं.

भोकात एसएमए किंवा एन प्रकारचा, पॅनलवर बसणारा फीमेल कनेक्टर बसवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत मिळतो. डब्यावर बाहेरून रंग आणि आतून लाखेचा थर असतो. कनेक्टर टेकतो तिथला थर पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा. नाही खरवडला तर स्क्रू कितीही आवळा, पत्र्याशी जोड लागत नाही, आणि वरवर पाहता सगळं जागच्या जागी दिसतं. कनेक्टरच्या मधल्या पिनेला १४ गेजची तांब्याची तार सोल्डर करा. वाइंडिंगची तार असेल तर तिचं इनॅमल आधी खरवडून काढा. तार डब्याच्या आतल्या भिंतीपासून ५.५ सेंटिमीटर लांब ठेवा. नॅनोव्हीएनए, म्हणजे अँटेना तपासायचं छोटं यंत्र, मिळाला तर डब्याचं तोंड मोकळ्या आकाशाकडे करून एक-एक मिलिमीटर कापत जा आणि १४२० वर परावर्तन उणे १० डेसिबलच्या खाली गेलं की थांबा. नसेल मिळाला तर ५.२ वर कापा. दोन मिलिमीटर इकडे-तिकडे झाल्याने काही बिघडत नाही.

हॉर्न

हॉर्नचं तोंड ६६ बाय ५४ सेंटिमीटर आणि डब्यापासून तोंडापर्यंत सरळ खोली ५४ सेंटिमीटर. १६.५ बाय १०.५ च्या डब्यासाठी चार समलंब तुकडे कापायचे. दोन रुंद तुकडे: एक कड १६.५, समोरची ६६, दोन्ही कडांमधलं लंब अंतर ५८.२. दोन अरुंद तुकडे: एक कड १०.५, समोरची ५४, लंब अंतर ५९.४. बरोबर कापले असतील तर चारही तुकड्यांच्या तिरप्या कडा ६३ सेंटिमीटरच्या थोड्या वर आणि सारख्या येतात. जोडण्याआधी हे मोजून पाहा.

फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा चालतो. आतल्या बाजूला फेव्हिकॉलने स्वयंपाकघरातली फॉइल चिकटवा. या वारंवारतेला अ‍ॅल्युमिनियममधला प्रवाह पृष्ठभागालगतच्या सुमारे दोन मायक्रॉनमध्येच वाहतो, त्यामुळे साधी ११ मायक्रॉनची फॉइलही पुरेशी जाड आहे. सुरकुत्या पडल्या तरी चालतील, फाटलेली फॉइल चालणार नाही. पट्ट्या एकमेकींवर दोन-तीन सेंटिमीटर चढवा आणि कोपरे एसीच्या डक्टला लावतात त्या अ‍ॅल्युमिनियम टेपने आतून बंद करा. सगळ्यात जास्त गळती हॉर्न आणि डबा यांच्या सांध्यात होते. तिथे हॉर्नची फॉइल डब्याच्या आत दोन सेंटिमीटर वळवा, दाबून बसवा आणि आतून-बाहेरून टेप मारा.

असा हॉर्न आकाशाचा २० ते २५ अंशांचा तुकडा एका वेळी पाहतो. हात लांब करून पंजा ताणला की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत जेवढं आकाश झाकतं, साधारण तेवढं.

इलेक्ट्रॉनिक वस्तू

खर्चाचा मोठा भाग इथे आहे. पहिली वस्तू १४२० मेगाहर्ट्झसाठी बनवलेला, फिल्टर असलेला कमी गोंगाटाचा अ‍ॅम्प्लिफायर. नूइलेकचा सॉबर्ड प्लस एच-१ याच कामासाठी आहे. दुसरी वस्तू आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे यूएसबीला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर, शक्यतो टीसीएक्सओवाला (तापमानाने फारसं न ढळणाऱ्या घड्याळाचा). स्वस्त डोंगलची घड्याळचूक ५० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत ५०) असू शकते. १४२० वर ती ७१ किलोहर्ट्झ होते, म्हणजे वायूच्या वेगात सेकंदाला १५ किलोमीटरची चूक. फिल्टर नसलेला साधा अ‍ॅम्प्लिफायर शहरात घेऊ नका. मोबाइल टॉवरच्या जोराने तो तुंबतो आणि मग पडद्यावर जे दिसतं त्यावर विश्वास ठेवता येत नाही.

अ‍ॅम्प्लिफायर थेट डब्याच्या कनेक्टरला लावा. मध्ये छोटा अ‍ॅडॉप्टर चालेल, केबल नको. अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी एक डेसिबल जरी गळाला तरी यंत्रणेच्या गोंगाटात (तो तापमानाच्या एककात मोजतात) सुमारे ७५ केल्विनची भर पडते, आणि हायड्रोजनचा संदेश या हॉर्नमध्ये जेमतेम काही दहा केल्विनचा असतो. अ‍ॅम्प्लिफायरनंतर पाच मीटर आरजी-५८ लावली आणि तीन-चार डेसिबल गेले तरी फरक पडत नाही. लॅपटॉप आणि त्याचा चार्जर हॉर्नच्या पाठीमागे, जमेल तितका लांब ठेवा. अ‍ॅम्प्लिफायरला वीज डोंगलच्या बायस-टीमधून, म्हणजे अँटेनाच्याच केबलमधून वीज पाठवणाऱ्या सोयीतून, मिळते आणि ती सॉफ्टवेअरमध्ये चालू करावी लागते. ते विसरलं की पडदा सपाट राहतो आणि लोक हॉर्न उसवायला घेतात.

आधी जमीन, मग आकाश

विंडोजवर एसडीआर शार्प हे सॉफ्टवेअर आणि त्याचं आयएफ अ‍ॅव्हरेज प्लगइन सोयीचं. केंद्र १४२०.४ मेगाहर्ट्झ, सॅम्पल रेट २.४ एमएसपीएस, एफएफटी १०२४ ठेवा. आपोआप गेन (संदेश किती मोठा करायचा ते प्रमाण) बंद करा, गेन हाताने ठरवा आणि त्या दिवशी पुन्हा हात लावू नका. वीस-तीस मिनिटं यंत्र गरम होऊ द्या, तोवरच्या नोंदी सरकत राहतात.

आता हॉर्न माथ्यावरच्या मोकळ्या आकाशाकडे करा आणि गोंगाटाची पातळी टिपून घ्या. मग तो जमिनीकडे किंवा जवळच्या भिंतीकडे वळवा. जमीन ३०० केल्विनची, मोकळं आकाश दहाच्या आसपास, तेव्हा पातळी तीन ते पाच डेसिबलने चढायला हवी. दोनपेक्षा कमी चढली तर हायड्रोजन शोधायला जाऊ नका. प्रोब, सांधा, खरवडलेला पत्रा आणि बायस-टी या क्रमाने तपासा. गच्चीला उंच कठडे किंवा शेजारी मोठी इमारत असेल तर त्याही गरम भिंतीच आहेत. हॉर्न त्यांच्यापासून किमान ३० अंश दूर ठेवा. सूर्य समोर आला तर सगळी पातळी एकदम वर जाते, पण त्याने रेषा उमटत नाही.

कुठे पाहायचं

अंधार लागत नाही, ढगांची अडचण नाही. डेनेब ताऱ्याभोवतीचा हंस तारकासमूह सगळ्यात सोपा: वायू भरपूर, आणि महाराष्ट्रातून तो डोक्याच्या थोडा उत्तरेला येतो. पुण्या-मुंबईहून तो याम्योत्तर (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडताना उत्तर क्षितिजापासून ६३ अंशांवर असतो, नागपूरहून ६६. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हे रात्री आठच्या सुमारास घडतं आणि दर महिन्याला दोन तास आधी सरकतं. स्टेलॅरियम या आकाशदर्शनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेळ पाहून घ्या. हॉर्नचा कल मोबाइलच्या कोनमापक अ‍ॅपने मोजता येतो, पण होकायंत्र डब्यावर ठेवून वापरू नका, पत्रा त्याला फसवतो.

हॉर्न त्या कोनात बांधून ठेवा आणि हलवू नका. पृथ्वी फिरते, आकाश समोरून सरकतं. दर पाच मिनिटांची सरासरी काढून साठवत जा, शक्यतो चोवीस तास. हंस समोर येतो तेव्हा १४२०.४ च्या आसपास काहीशे किलोहर्ट्झ रुंद उंचवटा वर येतो आणि काही तासांत ओसरतो. तो एक डेसिबलहूनही कमी असू शकतो, म्हणून आलेखाची उभी पट्टी दोन-तीन डेसिबलपुरती ताणून घ्या. नेहमीच्या ६०-७० डेसिबलच्या पट्टीवर तो डोळ्यांना दिसतच नाही.

पाच मिनिटांच्या सरासरीत गोंगाटाची थरथर ०.१ ते ०.२ केल्विनवर येते, तेव्हा वेळ वाढवून फारसं काही मिळत नाही. खरी अडचण बेसलाइनची, म्हणजे उंचवट्याखालच्या पायारेषेची. फिल्टर, अ‍ॅम्प्लिफायर आणि डोंगल प्रत्येक वारंवारता सारखी मोठी करत नाहीत. पडद्यावर त्यांचाच एक वाकडातिकडा आकार उमटतो आणि कधी कधी तो अगदी हायड्रोजनसारखा दिसतो. त्यावर उपाय म्हणजे कोऱ्या आकाशाची नोंद. हंस माथ्यावर येण्याच्या दहा तास आधी तोच हॉर्न, त्याच कोनात, आकाशगंगेच्या पट्ट्यापासून खूप दूरचं आकाश पाहत असतो. ती नोंद संदर्भ म्हणून घ्या आणि हंसाच्या नोंदीला तिने भागा. वजा करू नका: यंत्र संदेशाला गुणतं, तेव्हा त्याचा ठसा भागाकारानेच निघतो. मग एक वजा केलं की शून्यावर बसलेली बेसलाइन आणि तिच्यावर उभा हायड्रोजन उरतो. दहा तासांत तापमान बदलून बेसलाइन थोडी तिरकी झालेली असते. उंचवट्याच्या दोन्ही बाजूंच्या सपाट भागांतून सरळ रेषा काढून तेवढा तिरकेपणा काढून टाका.

भागाकारानंतरही खात्री करून घ्यावी. केंद्र ५०० किलोहर्ट्झने सरकवा. उंचवटा पडद्याच्या त्याच जागी राहिला तर तो यंत्राचा, १४२०.४ ला चिकटून राहिला तर पुढे बघायला हरकत नाही. हॉर्न जमिनीकडे केल्यावर तो गेला पाहिजे. केसासारखी बारीक, उंच रेघ हायड्रोजनची नसते, ती चार्जरची किंवा एलईडी दिव्याची. आणि दुसऱ्या दिवशी तोच उंचवटा चार मिनिटं आधी यायला हवा, कारण तारे घड्याळापेक्षा रोज तेवढे पुढे असतात. एका दिवसाच्या चार मिनिटांवरून काही ठरत नाही, आठवड्याने अर्धा तास सरकला की शंका राहत नाही. रोज त्याच वेळी येणारा उंचवटा शेजाऱ्यांच्या पंपाचाही असू शकतो.

व्यावसायिक संशोधनही याच जागी अडतं. २०१८ मध्ये एजेस या प्रयोगाने ७८ मेगाहर्ट्झजवळ अर्ध्या केल्विनचा खड्डा सापडल्याचं जाहीर केलं. तो पहिल्या ताऱ्यांच्या काळातल्या हायड्रोजनचा असावा, असा तो दावा होता. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने सारस-३ ही अँटेना कर्नाटकात चक्क जलाशयावर तरंगत ठेवली, कारण खालची जमीन एकसारखी नसली की तिचं परावर्तनही बेसलाइनमध्ये लाटा उठवतं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नोंदींत तो खड्डा आढळला नाही.

पाऊस

युएन आणि पर्सेल यांच्या हॉर्नमधून पावसाचं पाणी नरसाळ्यातून यावं तसं प्रयोगशाळेत यायचं. पुठ्ठ्याच्या हॉर्नला पावसाळा सोसत नाही. तोंडावर पातळ प्लास्टिकचा कागद ताणून लावा, रेडिओ लहरी त्यातून आरपार जातात. कागदावर पाणी साचलं की मात्र जात नाहीत. जून ते सप्टेंबर हॉर्न आत ठेवलेला बरा.

वेग काढणं

१४२०.४०६ पासून एक मेगाहर्ट्झचा फरक म्हणजे सेकंदाला २११ किलोमीटर. वारंवारता जास्त असेल तर वायू आपल्याकडे येतोय, कमी असेल तर दूर जातोय. शर्मिष्ठेच्या दिशेला बहुधा दोन उंचवटे दिसतात: एक जवळच्या वायूचा, दुसरा सेकंदाला ५० किलोमीटरच्या आसपास वेगाने जवळ येणाऱ्या, आकाशगंगेच्या ययाती भुजेचा, १४२०.६ च्या थोडा पुढे. पृथ्वी स्वतः सूर्याभोवती ३० किलोमीटर वेगाने फिरते, त्यामुळे दिशेनुसार उंचवटा वर्षभरात १४० किलोहर्ट्झपर्यंत मागेपुढे होऊ शकतो. तारीख आणि दिशा दिली की ही दुरुस्ती सांगणारी गणकयंत्रं नेटवर मिळतात. ती केल्याशिवाय दोन महिन्यांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहू नका.

गरुड तारकासमूहाकडे आकाशगंगेचा आतला भाग दिसतो आणि तिथे खरी गंमत आहे. उंचवट्याची कमी वारंवारतेकडची कड पाहा. तो सगळ्यात जलद दूर जाणारा वायू. आकाशगंगीय रेखांश (आकाशगंगेच्या केंद्रापासून तिच्या पट्ट्यावर मोजलेला कोन) ३० अंशांवर ही कड १४१९.८९ वर आली असं समजा. दूर जाण्याचा वेग १०९. त्यात सूर्याच्या २२० किलोमीटर वेगाला ३० अंशांच्या साइनने गुणून येणारे ११० मिळवा, म्हणजे केंद्राभोवती फिरण्याचा वेग २१९. हा वायू केंद्रापासून सुमारे १३,४०० प्रकाशवर्षांवर. रेखांश ५० वर कड १४२०.१० ला आली तर ६५ अधिक १६९, म्हणजे २३४, आणि अंतर सुमारे २०,५०० प्रकाशवर्षं. सगळं वस्तुमान केंद्रात एकवटलेलं असतं तर दुसरा वेग १७७ च्या आसपास उतरायला हवा होता. तो उतरत नाही. बहुतेक दीर्घिकांमध्ये हेच दिसलं आणि कृष्णद्रव्याच्या, म्हणजे न दिसणाऱ्या वस्तुमानाच्या, कल्पनेला त्याने बळ दिलं.

या आकड्यांत या हॉर्नचा एक दोष मिसळलेला असतो. ५० अंशांकडे रोखलेला हॉर्न ३९ ते ६१ अंशांपर्यंतचं सगळं एकत्र पाहतो, त्यामुळे केंद्राकडच्या बाजूचा जास्त वेगाचा वायूही कडेत शिरतो आणि वेग थोडा फुगतो. रेखांश २० च्या आत तर ही पद्धत वापरूच नये. हॉर्न मोठा करून हे सुटत नाही, कारण कोन निम्मा करायला लांबी चौपट लागते. त्याऐवजी केबलवाल्याकडे पडून असलेली जुनी आठ फुटी जाळीची डिश मिळते का पाहा. तिच्यावर हाच कोन सहा अंशांवर येतो, जाळीची भोकं दोन सेंटिमीटरपेक्षा लहान असली की पुरे, आणि हॉर्न काढून टाकलेला तोच तेलाचा डबा, उघडं तोंड डिशकडे करून, नाभीवर, म्हणजे डिश लहरी एकवटते तिथे, बसवता येतो.